देवाची सायकल कुठे आहे?

प्रिय ताई,

आम्ही गोव्यात फोंड्याला राहतो. माझं माहेर सांगलीचं. घरात सासूबाई आणि नवरा कोकणीत बोलतात, मी मराठीत. मुलगी साडेचार वर्षांची आहे, सगळे तिला 'बाय' म्हणतात. तिच्या तोंडून सतत काही ना काही भन्नाट निघत असतं. गेल्या उन्हाळ्यात नवऱ्याच्या बदलीचं काम झालं तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "देव पावलो!" बायनं लगेच विचारलं, "देव पाव विकतो? मग त्याची सायकल कुठे आहे?" नवऱ्यानं तिला ते पुन्हा बोलायला लावलं, मोबाइलवर टिपलं आणि घरच्या ग्रुपवर टाकलं. आठवडाभर फोन येत होते. चवथीला गणपतीवर टांगलेल्या फळांच्या माटोळीखाली वीस-पंचवीस माणसं जमली, तेव्हा तिला मध्ये उभं करून "ते सायकलचं म्हण गो" सुरू झालं. ती हळूच बोलली, सगळे खो खो हसले. तिनं माझ्या पदरात तोंड लपवलं ते जेवायलाही उठली नाही. तेव्हापासून काहीही सांगण्याआधी विचारते, "आई, तू हसणार नाहीस ना?"

कार्तिकात सासरे वारले. बायचा आबांवर फार जीव होता. "आबा देवाघरी गेले," असं आम्ही तिला सांगितलं. परवा सकाळी ती देवघराचं दार उघडून आत बघत होती. मग तिनं अर्धा उंडा, म्हणजे गोल पाव, समईपाशी ठेवला आणि दार हळूच लावलं. "आबांना," म्हणाली. मला आधी हसू फुटलं आणि मग रडू आवरेना. ती माझ्याकडे बघत राहिली. मी काहीच बोलले नाही. काय बोलायला हवं होतं?

आणखी एक. माझी आई म्हणते, पोरीची भाषा बिघडली. ती 'पाहिजे'ला 'जाय' म्हणते, 'नको'ला 'नाका'. शिवाय पूर्वी नीट 'केलं' म्हणायची, ती हल्ली 'करलं' म्हणते. हे काळजीचं आहे का?

— बायची आई, फोंडा

बायच्या आई,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा त्या अर्ध्या उंड्यापाशी थांबले. त्याच्याविषयी सविस्तर लिहिणार आहे. पण आधी सायकलचं बोलू, कारण तो उंडा देवघरात का गेला हे सायकलीवरूनच कळतं.

बायच्या जागी उभं राहून बघा. रोज सकाळी दारात भोंपू वाजतो. पोदेर सायकल थांबवतो, मागच्या टोपलीवरचं कापड बाजूला करतो आणि पाव काढून हातात देतो. एक दिवस आजी आनंदानं म्हणते, देव पावला. मग देवानं काय दिलं असेल? आणि पाव देणाऱ्याकडे सायकल असते, हे तर तिनं जन्मापासून पाहिलेलं आहे. जवळ जेवढी माहिती होती तेवढ्यावर तिनं चोख हिशेब मांडला. तिला ठाऊक नव्हतं ते इतकंच, की आपल्याकडे 'पाव' नावाचे तीन वेगवेगळे शब्द नांदतात. खायचा पाव पोर्तुगीजांकडून आला, 'पोदेर'ही त्यांच्याच भाषेतून आला. देव पावतो, पैलतीराला पावतो, त्यातला 'पाव' संस्कृतातल्या 'प्राप्' धातूचा, प्राकृतातून उतरलेला. आणि पाव किलोतला पाव म्हणजे 'पाद', चौथा हिस्सा. तीन कुळांतले हे तीन शब्द कानाला सारखेच लागतात. आपण मोठी माणसं ते रोज वापरतो आणि आपल्याला त्यांचा सारखेपणा कधी ऐकूही येत नाही. तिला आला.

मी डिचोली तालुक्यात 28 वर्षं बालवाडी चालवली. तेवढ्या वर्षांत एकही मूल निव्वळ निरर्थक बोललेलं मला आठवत नाही. एक मुलगा आईच्या हातातल्या नव्या बांगड्या बघून हिरमुसला होता. का, तर "आईनं नुसती बांगडीच आणली, बांगडा आणलाच नाही." आता बघा, घोडा-घोडी, कोंबडा-कोंबडी, गाडा-गाडी, सुरा-सुरी, डबा-डबी. मराठीनं त्याला शंभर ठिकाणी हीच जोडी शिकवली होती. बांगडा-बांगडी त्यानं त्याच रांगेत बसवली. त्यात चूक असेल तर ती भाषेची आहे. आणि बांगडीचं नाव खाण्याच्या पदार्थाला देणारे तर आपणच: पोदेराच्या टोपलीतलं ते कुरकुरीत वेटोळं, त्याला आपण काकण म्हणतो.

एका मुलीला घरी कोणीतरी सांगितलं, "नारळ वाढवायचा आहे, तेवढा घेऊन ये." तिनं तो तुळशीपाशी नेऊन ठेवला आणि तांब्याभर पाणी घातलं. आपण अशुभ शब्द नको म्हणून फोडण्याला वाढवणं म्हणतो, जाताना 'येतो' म्हणतो, तांदूळ संपले की 'वाढले' म्हणतो. मूल या सगळ्याचा सरळ अर्थ घेतं. मामा "येतो हं" म्हणून निघून गेला म्हणून दुपारभर उंबऱ्यावर बसलेलं मूल मी पाहिलं आहे. घरची माणसं ते हसत हसत सांगत होती. त्या मुलाच्या दृष्टीनं मामानं शब्द मोडला होता.

म्हणून माझं तुम्हाला पहिलं सांगणं हे, की बायच्या तोंडून असं काही निघालं की तिनं ते कशावरून म्हटलं हे आधी शोधा. सापडलं नाही तर तिलाच विचारा, "तुला असं कशावरून वाटलं गं?" खऱ्या उत्सुकतेनं विचारा, परीक्षा घेतल्यासारखं नको. आणि मग तिच्या प्रश्नाला उत्तर द्या. 'देवाची सायकल कुठे आहे' हा प्रश्न होता. पंचवीस माणसांनी तो ऐकला, आणि उत्तर तिला एकानंही दिलं नाही. तिनं तोंड लपवलं त्याचं कारण मला हेच वाटतं. तिनं मनापासून काहीतरी विचारलं, आणि तिला कळेना की लोक हसताहेत ते कशाला.

आता हसण्याविषयी. हसू आलं तर हसू नये असं मी म्हणणार नाही. ते शक्यही नाही, आणि हसू नसलेल्या घरात मूल वाढवणं काही चांगलं नव्हे. हसताना तिच्या चेहऱ्याकडे बघा. तीही हसत असेल तर पोटभर हसा. या वयात मुलं मुद्दाम विनोद करायला लागतात, गाईला 'म्याव' म्हणायला लावतात आणि आपण कधी हसतो याची वाट बघतात. तेव्हा हसला नाहीत तर हिरमोड होईल. पण ती गंभीर असेल, आणि तरी तुम्हाला हसू आवरलं नाही, तर लगेच सांगा: "तुझं बोलणं मला फार आवडलं म्हणून हसले. आता सांग, मी ऐकते." या दोन वाक्यांचा फार उपयोग होतो.

यात माझं स्वतःचं एक शल्य आहे. बालवाडीत एक मुलगा होता, त्याचे वडील तारवटी. सहा-आठ महिने बोटीवर, मग थोडे दिवस घरी. एकदा तो मला म्हणाला, "आमच्याकडे पप्पा पाहुणे येणार आहेत." मला ते इतकं गोड वाटलं की स्नेहसंमेलनात माईकवरून मी ते सांगितलं. सभागृह हसलं. पहिल्या रांगेत त्याची आई मान खाली घालून बसली होती, आणि तो मुलगा तिच्या मांडीवर माझ्याकडे बघत होता. त्या वर्षी उरलेले चार महिने तो माझ्याशी 'हो' आणि 'नाही' यापलीकडे बोलला नाही. त्यानं मला त्याच्या घरातली सर्वांत खरी गोष्ट सांगितली होती, आणि ती मी लोकांना वाटून टाकली. त्याची माफी मी मागितली, पण फार उशिरा. तुमच्याकडून तसा उशीर होऊ नये, म्हणून हे लिहिते.

तेव्हा बायची माफी मागा. तुम्ही आणि तिचे बाबा, दोघांनी मिळून. मोठं प्रकरण करू नका, निजण्याआधी तिच्याजवळ बसून म्हणा: "चवथीला तुला सगळ्यांसमोर बोलायला लावलं, ते आमचं चुकलं. तुला आवडलं नव्हतं, हो ना? आता तुला विचारल्याशिवाय आम्ही तुझं बोलणं कुणाला दाखवणार नाही." मग तसंच वागा. ग्रुपवरचा तो व्हिडिओ काढता येत नसेल तर निदान नवऱ्यानं तिथे दोन ओळी लिहाव्यात, की बायला आता ते म्हणायला सांगू नका. पुढच्या कार्यात एखादी आत्या आग्रह करेलच. तेव्हा उत्तर तुम्ही द्यायचं, बायनं नाही. साडेचार वर्षांच्या मुलीला आत्याला 'नाही' म्हणता येत नाही.

आणि टिपून ठेवायचं असेल तर वही करा. मी केली होती, पानावर तारीख, वय, बोललेलं जसंच्या तसं आणि त्याआधी काय घडलं होतं ते. हे शेवटचं महत्त्वाचं, कारण त्याच्याशिवाय दहा वर्षांनी ते बोलणं कळत नाही. रशियन बालसाहित्यिक कोर्नेई चुकोव्स्की (1882–1969) यांनी कित्येक दशकं लहान मुलांचं बोलणं गोळा केलं. देशभरातले आईबाप त्यांना पत्रानं मुलांचे बोल कळवत. पण ते त्यांना मुलाची बुद्धी समजून घ्यायला हवे होते, आणि घरच्या वहीचाही हेतू तोच असावा. मूल कॅमेरा बघून बोलायला लागलं की त्याचं बोलणं बदलतं. आधी जे विचार करून येत होतं, ते मग टाळीसाठी येऊ लागतं, नाहीतर बंद होतं. बायचं बंद होऊ पाहतं आहे. ती अजून 'हसणार नाहीस ना?' असं विचारते आहे, म्हणजे तिला अजून सांगायचं आहे. दर वेळी शांतपणे 'नाही हसणार, सांग' म्हणा. काही आठवड्यांत हा प्रश्न विरून जाईल. महिना उलटला तरी शाळेत, शेजारी, कुठेच तोंड उघडत नसेल, तर मात्र बालरोगतज्ज्ञांना दाखवा.

आता तो उंडा.

तुम्ही सांगितलंत, आबा देवाघरी गेले. तुमच्या घरात देवाचं घर आहे, त्याला दारही आहे. तिनं ते उघडून पाहिलं. आणि ती रिकाम्या हातानं गेली नाही. तुम्ही लिहिलं नाहीत, पण मला वाटतं, पोदेराकडून पाव घ्यायला ती आबांबरोबर जात असणार. अर्धा तिचा, अर्धा त्यांचा असंही असेल. हे नसलं तरी आबा भुकेले राहू नयेत एवढं तिला कळतं. पितृपक्षात म्हाळाला आपण वेगळं काय करतो? पान वाढतो, गेलेल्याच्या आवडीचं त्यावर ठेवतो, कावळ्याची वाट बघतो. ते तिला कुणी शिकवलं नव्हतं. ती आपल्याच बुद्धीनं तिथवर पोचली.

म्हणून तुम्हाला आधी हसू फुटलं याचा दोष लावून घेऊ नका आणि रडलात याचा तर मुळीच नको. पण त्यानंतर जी शांतता राहिली, ती भरून काढा. आजच करा. तिला सांगा: "त्या दिवशी मी रडले, कारण मला आबांची आठवण आली. तुझ्यामुळे नाही." मुलांना आईचं रडू आपल्याच हातून काही घडल्यामुळे आलं असं वाटतं, आणि ती ते बोलून दाखवत नाहीत.

मग मृत्यूविषयी सरळ शब्दांत बोला. हे अवघड आहे, मला ठाऊक आहे. पण 'देवाघरी गेले', 'झोपले', 'गावाला गेले' हे शब्द आपल्यासाठी मऊ असतात, मुलासाठी ते पत्ते असतात. 'झोपले' म्हटलं तर मूल झोपायला घाबरतं. 'गावाला गेले' म्हटलं तर परत येण्याची वाट बघतं. साधारण पाच ते सात या वयात मुलांना हळूहळू कळू लागतं की मेलेलं माणूस परत येत नाही आणि त्याच्या शरीरात काहीच चालू नसतं. बाय अजून त्या अलीकडे आहे. तिला म्हणा: "आबा वारले. म्हणजे त्यांचं शरीर चालायचं थांबलं. आता त्यांना भूक लागत नाही, काही दुखत नाही. ते परत येणार नाहीत. आपल्याला त्यांची आठवण येते, तुलाही येते आणि मलाही." एवढंच, आणि थांबा. ती कदाचित लगेच खेळायला पळेल. त्यावरून तिला दुःख नाही असं समजू नका, मुलं असंच घोट घोट घेतात. उद्या परत विचारेल, परवा परत. दर वेळी तेच उत्तर द्या, त्याच शब्दांत. तुमच्या घरी देवावर श्रद्धा आहे, तर "आबा देवापाशी आहेत असं आपण मानतो" हेही जरूर सांगा. फक्त साधं सत्य आधी सांगा, आणि आपलं देवघर म्हणजे ते देवाचं घर नव्हे, हे हळुवारपणे समजावा. नाहीतर ती रोज दार उघडेल आणि रोज आबा नसतील.

उंडा ठेवू नको असं मात्र सांगू नका. "तुला आबांसाठी काही ठेवावंसं वाटतं ना? चल, आपण तो कावळ्याला घालू, आपण आबांच्या नावानं तसं करतो," असं म्हणून अंगणात न्या. तिच्या मायेला जायला एक वाट हवी आहे, आणि आपल्याकडे ती वाट पूर्वीपासून आहे.

राहिला तुमच्या आईचा प्रश्न. त्यांना माझा नमस्कार सांगा, आणि हेही सांगा की पोरीची भाषा बिघडलेली नाही. 'जाय' आणि 'नाका' हे तिच्या दुसऱ्या आजीच्या घरचे शब्द आहेत. सांगलीच्या आजीला 'नाका' म्हटल्यावर नाक आठवणार, 'मला दूध जाय' म्हटल्यावर दूध कुठे जाय असा प्रश्न पडणार, हे मी समजू शकते. बायनं 'आजी, उदक दे' म्हटलं तर त्या दचकतीलही, कारण तिकडे उदक म्हटलं की सोडायचं पाणी डोळ्यांसमोर येतं. इथे ते तहान लागल्यावर प्यायचं साधं पाणी आहे. हाच शब्द मराठी संतांच्या वाणीत मानानं वावरतो. त्यांच्याकडची पोळी तव्यावर भाजतात, आमच्याकडची पोळी पोदेराच्या टोपलीतून येते. आणि तुमच्या सासूबाई बायविषयी बोलताना 'तें आयलें' म्हणत असतील, तर तो तिचा अनादर नव्हे. कोकणीत घरच्या लहान मुलीला नपुंसकलिंगच लावतात, आणि त्यात लाड असतो.

दोन भाषांच्या घरातली मुलं काही काळ शब्दांची सरमिसळ करतात. एका भाषेतला शब्द चटकन सापडला नाही की दुसरीतला उचलतात. पण कोणाशी कोणती भाषा बोलायची, हे ती फार लवकर ओळखतात. तुम्ही तुमची मराठी सोडू नका, सासूबाईंनी त्यांची कोकणी सोडू नये. दोघींनी भरपूर बोलावं, गोष्टी सांगाव्यात. एवढं पुरे. सुट्टीत सांगलीला गेलात की बायला आजीची शिक्षिका करा. दिवसाला एक कोकणी शब्द तिनं आजीला शिकवायचा, आजीनं तिला एक ओवी शिकवायची. मला वाटतं, आजींची तक्रार चार दिवसांत मावळेल.

'करलं'चं तर मला कौतुकच वाटतं. 'केलं' ती आधी ऐकून म्हणत होती. आता तिच्या लक्षात आलं आहे की रड-रडलं, बस-बसलं, हस-हसलं, म्हणजे कर-करलं. तिला नियम सापडला आहे! आणि नवा नियम सापडलेला माणूस तो सगळीकडे लावून बघतोच. 'जाली', 'येली', 'देलं' हेही येईल. 1958 मध्ये अमेरिकेत जीन बर्को या अभ्यासिकेनं मुलांना एका कल्पित प्राण्याचं चित्र दाखवलं, त्याला 'वग' असं बनावट नाव दिलं, मग दोन प्राणी दाखवले. कधीही न ऐकलेल्या त्या शब्दाचं अनेकवचन मुलांनी बरोबर करून दाखवलं. मुलं नुसती पोपटपंची करत नाहीत, हे त्यातून स्पष्ट झालं. तेव्हा "करलं नाही, केलं म्हण" असं टोकू नका. ती "मी चित्र करलं" म्हणाली की तुम्ही म्हणा, "अगं बाई, तू केलंस? एकटीनं केलंस?" बरोबर रूप तिच्या कानावर पडलं, आणि बोलणं तुटलं नाही. अपवाद आपोआप जागेवर बसतात.

मूल पाहुण्यांसमोर "तुमचं पोट एवढं मोठं का?" असं काही बोललं तर काय, असं पुष्कळ जणी विचारतात. तिथल्या तिथे ओरडू नका. घरी गेल्यावर, दुसऱ्याच्या शरीराविषयी मोठ्यानं बोललं की त्याला कसं वाटतं, ते सांगा. बस.

शेवटी एक विनंती. देवाच्या सायकलीचं उत्तर बायला अजून मिळालेलं नाही. तिला सांगा की खायचा पाव वेगळा आणि देव पावतो तो वेगळा, ऐकायला सारखे वाटतात आणि हे तिनं बरोबर हेरलं. आणि उद्या सकाळी भोंपू वाजला की तिचा हात धरून तुम्ही दारात जा. आबा किती उंडे घ्यायचे आणि पोदेराशी काय बोलायचे, ते तिला विचारा. तिला ते नक्की आठवत असेल.